जे बिघडलं नाही, त्याची शाबासकी

तीन वर्षांपूर्वी मला एका पुरस्कार समितीवर बोलावलं होतं. पर्यावरणाशी आणि लोकांच्या रोजच्या गरजांशी जोडलेली कामं जिथे चालतात, अशा मुंबईतल्या आस्थापनांमधून सर्वोत्कृष्ट शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, निवडायचा होता. आयटीआयमध्ये 28 वर्षं शिल्पनिदेशक, म्हणजे कारागिरी शिकवणारा शिक्षक, म्हणून काढलेला माणूस, म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं असावं. शेवटच्या फेरीत दोघं उरले. एक मुलगा, सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनल बसवणाऱ्या कंपनीत शिकणारा. हुशार, बोलका, ड्रोनने काढलेले फोटो आणि रंगीत आलेख घेऊन आलेला. दुसरी गोवंडीची मुलगी, एका मोठ्या उपाहारगृहाच्या ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या बायोगॅसच्या प्लांटवर शिकणारी. तिने एक वही आणली होती. पाण्याने पानं फुगलेली, कडेला शेणाचे डाग.

समितीतल्या एकाने विचारलं, "तुम्ही नवीन काय केलंत?"

ती म्हणाली, "नवीन काही नाही केलं सर. प्लांट बंद पडू दिला नाही."

पुरस्कार मुलाला मिळाला. त्याचं काम चांगलंच होतं आणि मीही त्याच्याच नावापुढे खूण केली होती. वही मात्र टेबलावर राहिली. तिला परत पोचवायची म्हणून मी ती घरी आणली, रात्री चाळायला घेतली आणि मग झोप लागली नाही.

जून महिन्यातली पानं होती. सकाळी किती किलो खाद्य घातलं, शेगडी किती वेळ जळली, पट्टीवर पीएच किती दिसला (हा आकडा उतरला की आम्ल वाढलं समजायचं), एवढ्याच नोंदी. आधी पीएच सातच्या आसपास. एका रविवारच्या मोठ्या पंगतीनंतर 6.8, मग 6.6, मग 6.4. शेजारी तिने पेनाने लिहिलं होतं, 'वास आंबट. रोजचा नाही.' दुसऱ्या दिवशी, 'आज खाद्य घातले नाही.' त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, आणि खाली, 'किचनमधून दोनदा ओरडले. डबे साठलेत. मॅनेजर सरांना सांगितले, टाकी आजारी आहे.'

बायोगॅसची टाकी म्हणजे एक मोठं पोट असतं. त्यात दोन जातींचे जिवाणू नांदतात. पहिले अन्न फोडून त्याचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले भराभर वाढतात, दुसरे सावकाश. एकदम भात-पोळ्यांचा ढीग आत गेला की आम्ल साचतं, त्याने मिथेनवाले जिवाणू आणखी मंदावतात आणि मग आम्ल आणखीच साचतं. बाहेरून दिसतं एवढंच की गॅस कमी येतो. नवखा माणूस काय करतो? गॅस कमी आला म्हणून आणखी खाद्य ढकलतो. टाकी बसते, ती पुन्हा लागायला कित्येक आठवडे जातात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की हे बायोगॅस वगैरे आपल्याकडे चालत नाही. मुंबईत गंजून पडलेली अशी संयंत्रं मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी यंत्रात दोष नव्हता. पोट बिघडलंय हे ओळखणारं कुणी नव्हतं.

या मुलीने चार दिवस टाकीला उपास घडवला. चुन्याची निवळी घातली, आरेतल्या एका तबेल्यातून ताजं शेण मागवलं, मग पाव खाद्य, मग अर्धं. ओरडा खाल्ला, पण हात आवरला. सोळाव्या दिवशीची नोंद दोन शब्दांची आहे, 'ज्योत निळी.'

तेव्हा ती 19 वर्षांची होती. हे सगळं आमच्यासमोर टेबलावर पडलं होतं आणि आम्ही तिला विचारत होतो, नवीन काय केलंत.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. पाणी, कचरा, मलनिस्सारण, वीज, लोकांच्या वस्तीतल्या सोयी, या कामांत उत्तम माणसाची खूण म्हणजे काहीतरी घडलं नाही. नळ गढूळ आला नाही, वायर जळली नाही, टाकी बसली नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही आणि आपले पुरस्कार फोटोवर चालतात. म्हणून या क्षेत्रांतल्या शिकाऊ मुलांचा गौरव करायचाच असेल, आणि तो केलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, तर तो कशावरून ठरवायचा हे आधी मुळापासून बदलावं लागेल.

पाण्याचंच घ्या. सात तलावांचं पाणी मुंबईत येतं आणि ते प्रत्येक वस्तीला ठरलेल्या वेळी मिळतं, कारण महापालिकेचा चावीवाला रस्त्यातल्या झाकणाखालची झडप त्या वेळी उघडतो. कुठल्या झडपेला किती आटे द्यायचे, हे त्याच्या मनगटात असतं. झडप झटक्यात उघडली किंवा मिटली तर पाण्याचा दणका बसतो आणि जुनी वाहिनी फुटू शकते. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, आणि नळ बंद असताना वाहिनीतला दाब गेला की गळतीच्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणजे गळती शोधणारा माणूस पाणी वाचवतो आणि त्याच वेळी जुलाब-काविळीपासून एका गल्लीला वाचवतो. ही गळती अनेकदा रात्री शोधतात. रहदारी थांबल्यावर एक लांब दांडा वाहिनीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा. नळ कारागिराचं प्रशिक्षण घेतलेला पोरगा जुन्या माणसाशेजारी उकिडवा बसून रात्रीमागून रात्री ऐकत राहतो, तेव्हा कुठे साध्या वाहत्या पाण्याचा आवाज आणि फटीतून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज त्याला वेगळा कळायला लागतो. हा कान तयार झाल्याचं प्रमाणपत्र त्याला कोण देतं?

तारतंत्रीचं, म्हणजे वायरमनचंही तेच. पुनर्वसनाच्या उंच इमारतीत हजारभर माणसं राहतात. तिथल्या मीटरच्या खोलीत अर्थिंग नीट आहे की नाही हे कुणी बघत नाही. एखादा शिकाऊ पोरगा सैल जोड शोधतो, आवळतो, खाली येतो. त्या रात्री काहीच घडत नाही.

या मुलांना ओळख देणं ही काही कुणावर उपकार करण्याची बाब नाही. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड अशी सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं हाती घेतली आहेत, एकूण क्षमता दररोज 2,464 दशलक्ष लिटर. तिथेही शेवटी जिवाणूच राबणार. ते आजारी पडले की ओळखणारी माणसं लागतील, शेकड्यांनी, तीन पाळ्यांत. ती माणसं आज कुठेतरी शिकाऊ आहेत, किंवा व्हायला हवीत. त्यांच्यातली चांगली कोण, हे आपल्याला माहीतच नसेल तर त्या केंद्रांवर कोण उभं राहणार आहे?

आता कायदा बघू. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा. त्याचं कलम 18 म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्यामुळे कामगारांसाठीचे कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. मुदत संपल्यावर त्याला नोकरीवर घ्यायचं की नाही, हे धोरण 2014 च्या दुरुस्तीनंतर ज्या त्या मालकावर सोडलेलं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आहे, मोलाचा आहे, पण तो कामगारांचा. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या, पदकं, वर्तमानपत्रात फोटो आहेत, पण ते विद्यार्थ्यांचे. शिकाऊ मुलगा दोन्हींच्या मधल्या फटीत उभा असतो. आठ तास काम करतो आणि कामगार नसतो. रोज शिकतो आणि त्याला विद्यार्थी कुणी म्हणत नाही.

खंडेनवमीला आमच्या कार्यशाळेत लेथला, पान्याला, टेस्टरलासुद्धा झेंडूची फुलं वाहायचो. दरवर्षी मला वाटायचं, हत्यार धरणाऱ्या हाताला या दिवशी कुणी काही म्हणत नाही.

एक आक्षेप मी खूपदा ऐकला आहे आणि तो खरा आहे. आधी पोटाला द्या, मग पाठ थोपटा. 2019 च्या नियमांनुसार शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरलं. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. मुंबईत पाच हजारांत काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. बदलापूरहून किंवा विरारहून येणाऱ्या पोराचा पास, दुपारचा वडापाव, पावसाळ्यात बूट, एवढ्यात महिना सरतो. घरून डबा आणि डोक्यावर छप्पर मिळतं म्हणून तो शिकू शकतो. ज्याला ते नाही तो गाडी चालवायला किंवा पार्सल पोचवायला निघून जातो, आणि मी माझे कित्येक चांगले विद्यार्थी असेच गमावले. तेव्हा विद्यावेतन वाढलंच पाहिजे. पण ते वाढेपर्यंत गौरव थांबवा, हे मला पटत नाही. घाणीतलं काम आहे म्हणून घरातलेसुद्धा ज्याच्याविषयी चारचौघांत बोलत नाहीत, त्या पोराच्या कामाला कुणीतरी नाव घेऊन चांगलं म्हणणं, ही त्याची तितकीच खरी भूक आहे. त्या गोवंडीच्या मुलीने मला नंतर सांगितलं की ती मामाकडे 'किचनमध्ये काम करते' असं सांगायची.

एक धडा आपल्याला 20 मार्च 2018 ला मिळाला. त्या दिवशी सकाळी ऐन गर्दीच्या वेळी दादर-माटुंग्याच्या दरम्यान शेकडो मुलं रुळांवर बसली. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पुरी केलेली मुलं होती ती, देशभरातून आलेली. रेल्वेच्या भरतीत त्यांच्यासाठी ठेवलेल्या 20 टक्के जागांच्या अटीवर त्यांचा रोष होता, आम्हाला सरळ नोकरीत घ्या, ही मागणी. काही तास मध्य रेल्वे ठप्प झाली आणि लाखो लोक अडकले. अडकलेल्यांचा राग मी समजू शकतो. पण मला त्या मुलांचं म्हणणं जास्त लागलं. प्रमाणपत्र हातात आहे, त्याला वजन नाही. प्रमाणपत्रावर व्यवसायाचं नाव, आस्थापनेचं नाव, तारखा, गुण. ज्याने दोन वर्षं मन लावून शिकलं आणि ज्याने सही करून चहा प्यायला, त्या दोघांचे कागद शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही.

म्हणून गौरवाला वजन हवं. शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह घेऊन मुलगा घरी जातो, स्मृतिचिन्ह टीव्हीवर ठेवतो आणि पुढच्या महिन्यात मुलाखतीला जातो तेव्हा त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा एक पानभर लिहिलेला वृत्तान्त द्या. त्याने काय ओळखलं, कधी ओळखलं, कुणाच्या विरोधात जाऊन काय केलं, त्याने कुणाचं काय वाचलं. साध्या मराठीत, तारखांसकट, ज्यांनी पाहिलं त्यांच्या सहीने. आणि जी आस्थापना हा कागद देते, तिने आपल्याकडच्या पुढच्या भरतीत त्याला गुण द्यावेत. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहेच, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं. लोकांचा पैसा जातो आहे, तर त्यातून घडलेलं चांगलं माणूस कोण, हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे.

कंत्राटाचा मुद्दा इथे थोडा सविस्तर बोलायला हवा. मुंबईतलं बरंचसं पर्यावरणाचं काम आज कंत्राटदार करतात. कचऱ्याच्या गाड्या, पंपिंग, विजेवरच्या बसगाड्यांची देखभाल. कंत्राट काही वर्षांचं असतं. ते संपलं की मुकादम जातो, पर्यवेक्षक जातो, कधी कधी कार्यालयाची पाटीसुद्धा बदलते. ज्या माणसाने पोराला रात्री दोन वाजता पंप सुरू करताना पाहिलं, तो साक्षीदारच नाहीसा होतो. चार वर्षांनी त्या पोराने कुणाकडे जाऊन म्हणायचं, साहेब, माझ्याविषयी सांगा? म्हणून ही नोंद मूळ आस्थापनेने, म्हणजे ज्याचं काम आहे त्याने, आपल्या दप्तरी ठेवली पाहिजे. कंत्राटदार बदलला तरी नोंद राहील.

आणि ज्याने शिकवलं, त्याचं नाव त्याच कागदावर हवं. गोवंडीच्या मुलीला टाकीचा वास ओळखायला कुणी शिकवलं? मी नाही, कुठल्या इंजिनिअरनेही नाही. एका मावशीने. देवनारला कचरा वेचत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, नंतर ती अशा संयंत्रावर कामाला लागली. स्त्री मुक्ती संघटनेने 1998 पासून कचरावेचक बायकांना संघटित करून खत करणं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावरची 'निसर्गऋण' ही बायोगॅस संयंत्रं चालवणं शिकवलं. त्यातून या शहरात एक पिढी तयार झाली आहे, जिला कचऱ्यातलं डॉक्टरांइतकं कळतं. आपण त्यांना 'लाभार्थी' म्हणतो. त्या उस्ताद आहेत. दुसऱ्या एका शिकाऊ मुलीचा सत्कार करताना तिची उस्ताद प्रेक्षकांत मागच्या खुर्चीवर बसलेली मी पाहिली आहे, तिला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती. मुलगी स्वतः खाली उतरून तिच्या पाया पडली तेव्हा लोकांना कळलं.

स्पर्धेने सहकार्य बिघडतं, असंही म्हणतात. कचऱ्याचं, पाण्याचं काम टोळीने होतं, त्यातून एकालाच उचललं की बाकीचे मनातून उतरतात. हे खरं आहे, आणि म्हणून क्रमांक लावायला माझा विरोध आहे. ज्या कामात एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, तिथे पहिला-दुसरा-तिसरा हा हिशेब नको. एका वर्षात सात मुलांनी नोंद घेण्यासारखं काम केलं तर सातही कागद द्या. एकानेही केलं नाही तर त्या वर्षी कार्यक्रम करू नका.

कौशल्याच्या स्पर्धांना माझा विरोध नाही, उलट त्यांचा अभिमान आहे. 2019 मध्ये रशियातल्या कझानला झालेल्या जागतिक कौशल्य स्पर्धेत भारताने पहिलं सुवर्णपदक मिळवलं ते जलतंत्रज्ञानात. 2024 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात अक्षय ऊर्जेत कांस्यपदक मिळालं. त्या मुलांची नावं आपल्या किती घरांत माहीत आहेत? मी माझ्या सोसायटीत विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. पण स्पर्धेचं मैदान आखलेलं असतं, वेळ ठरलेला असतो, बिघाड आधीच कुणीतरी योजलेला असतो. वस्तीतला बिघाड असा सांगून येत नाही. तिथे आधी शंका यावी लागते, मग ती बोलून दाखवायचं धैर्य लागतं. शिकाऊ मुलाला हे धैर्य फार महाग पडतं, कारण त्याच्या डोक्यावर सगळेच साहेब असतात. 'मॅनेजर सरांना सांगितले, टाकी आजारी आहे' हे वाक्य मला त्या सगळ्या वहीत सर्वांत मोठं वाटतं.

मग ते ओळखायचं कसं? जाऊन. सकाळी सहाला संयंत्रावर, रात्री एकला झडपेवर. ज्यांच्या नळाला पाणी येतं त्या चाळीतल्या बायकांना, ज्यांच्या किचनचा कचरा जातो त्या आचाऱ्याला, सार्वजनिक शौचालयाच्या देखभालीसाठी बसणाऱ्या माणसाला विचारून. ही माणसं मराठीत, हिंदीत, तुटक तुटक सांगतील, पण नेमकं सांगतील. कुठला मुलगा बोलावल्यावर येतो, कुठला निघताना हात धुवायला पाणी मागतो आणि पुन्हा चौकशीला येतो, हे वस्तीला पक्कं ठाऊक असतं. वातानुकूलित सभागृहात दहा मिनिटांच्या सादरीकरणातून ते कधीच कळणार नाही, कारण तिथे बोलायची सवय असलेला मुलगा जिंकतो. आमच्या समितीत तेच झालं.

ती वही मी आठवड्याने परत केली. मुलीची उमेदवारी तोवर संपत आली होती. आस्थापनेने तिला ठेवून घेतलं नाही. ती आता ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये आहे, पगार बरा आहे, मामाला आता खरं सांगता येतं असं म्हणाली. ते संयंत्र पुढच्या पावसाळ्यात बसलं. अजून बंदच आहे.

यंदा त्याच समितीचं पत्र आलं. मी कळवलं की येतो, पण अर्जाच्या नमुन्यातला 'नावीन्यपूर्ण उपक्रम' हा रकाना काढा, त्या जागी 'उमेदवारामुळे काय बिघडायचं टळलं' असा रकाना घाला, उस्तादाच्या नावाला ओळ द्या, आणि मुलांना आमच्याकडे बोलावू नका, आपण त्यांच्याकडे जाऊ. त्यांनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीवर बरीच चर्चा झाली, सदस्यांच्या वेळा जमत नव्हत्या. शेवटी तीन ठिकाणांचं ठरलं आहे. पहिली भेट सोमवारी, भांडुपला, सकाळी सहाला.